सशाची लाथ

ससा गरीब प्राणी असतो असं शाळेत शिकवतात. ज्याने तो धडा लिहिला त्याचा हात कधी सशाच्या तोंडापर्यंत गेलेला नसणार. माझ्या उजव्या हातावर सशाच्या दातांचे सात व्रण आहेत आणि त्यातले निदान चार माझ्याच मूर्खपणाचे आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच लोकांवर चिडणार आहे आणि त्या लोकांत मीही असणार आहे.

सुरुवात पत्रकापासून झाली. सुट्टीच्या दिवसांत मांडवीच्या किनाऱ्यावर एक माणूस तारेच्या पिंजऱ्यांत ससे घेऊन बसायचा. पर्यटकांची पोरं हट्ट करायची, आईबाप नमायचे, आणि तो माणूस ससा कानांना धरून बाहेर काढायचा, बाजारात कोथिंबिरीची जुडी उचलतात तसा. ससा हवेत मागचे पाय झाडायचा. बघणारे हसायचे. त्यांना वाटायचं, नाचतोय. आम्ही चार मैत्रिणी तेव्हा किनाऱ्यावरच्या कचऱ्यावर, भटक्या कुत्र्यांना उकळतं पाणी मारणाऱ्यांवर, अशी पत्रकं काढायचो. सशांवरचं मी एकटीने एका बैठकीत लिहिलं. मथळा होता, 'कान म्हणजे पिशवीचे बंद नव्हेत'. खाली दहा मुद्दे. दहाही मुद्दे फोनवर वाचून लिहिलेले. तोवर मी आयुष्यात एकदाही सशाला हात लावलेला नव्हता.

ससेवाल्याने माझं पत्रक घेतलं, त्याचा द्रोण केला आणि त्यात चणे घालून सशांपुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी मी सरळ पिंजऱ्याच्या कडीला हात घातला. त्याने माझं मनगट पिरगळलं. मी त्याच्या पोटरीवर लाथ घातली. भेळवाल्यांनी आम्हाला सोडवलं तेव्हा पिंजऱ्यातले सगळे ससे एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसले होते, आणि त्यांतला एक मागच्या पायांनी फळीवर धपाधप आपटत होता. मला वाटलं, तो माझ्या बाजूने आहे. आता कळतं, तो बाकीच्यांना सांगत होता की शिकारी आलाय, आणि त्याच्या मते शिकारी आम्ही दोघंही होतो.

ह्या मारामारीची बातमी आळीभर झाली. आठवड्याभरात आमच्या आळीतली एक काकी मासळीचा निळा क्रेट घेऊन दारात आली. क्रेटमध्ये पांढरा ससा, डोळ्यांभोवती काळं, मान जाडजूड. त्याने तिच्या मुलीचं बोट फाडलं होतं, दोन टाके पडले होते. काकीने क्रेट आमच्या पडवीत आपटला.

"कागदावर लय अक्कल चालते ना गो तुझी? आता ह्याच्यावर चालव. नायतर संध्याकाळी माझा दीर ह्याचं सुकं करतोय."

दीर खरंच करणारा होता. मी क्रेट आत घेतला.

बाबा तेव्हा घरीच होते. ते बोटीवर तांडेल, म्हणजे समुद्रात खलाशी ज्याच्या शब्दावर चालतात तो माणूस. पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते, बोटी वर ओढलेल्या असतात, आणि घरचे पुरुष पडवीत जाळी दुरुस्त करत बसतात. बाबांनी क्रेटमध्ये वाकून पाहिलं आणि अट घातली. बंदी उठेपर्यंत राहू दे, पण घरात कोणाला चावला तर जिथून आला तिथे. जिथून आला तिथे म्हणजे काकीच्या दिराच्या टोपात, हे सगळ्यांना कळलं. तेव्हा प्रश्न साधा होता. ह्याचं चावणं थांबवायचं, नाहीतर हा मरणार. मी पत्रकातले दहा मुद्दे डोक्यात घोळवले आणि क्रेटमध्ये हात घातला.

पहिला व्रण तो. अंगठ्याच्या बुडाशी.

मी वरून हात घालत होते. सशाच्या लेखी वरून येतं ते काय? घार. कावळा. बाजारातला माणूस. मी पुन्हा वरून हात घातला, कारण मला वाटलं, प्रेमाने घातला तर त्याला कळेल. कसं कळणार? दुसरा व्रण. तो घशातून गुरगुरायचा, हो, ससे गुरगुरतात, आणि दोन्ही पुढच्या पायांनी हातावर ठोसे मारायचा. पाणी बदलायला गेलं की माझ्या अंगावर मुतायचा. आई पहाटे मासळीबाजारात सुकी मासळी विकायला जायची, परतायची दुपारी, ती आली की क्रेटकडे न बघता विचारायची, "मेला जिवंत हाय?" पुढे तेच त्याचं नाव झालं. मेला म्हटलं की तो कान वळवायचा.

चावण्याचा प्रकार मी बाबांपासून लपवायचे. पूर्ण बाह्यांचे कुडते घालायचे, उकाड्यात. बाबांना दिसत नव्हतं असं नाही. अट 'घरात कोणाला' अशी होती आणि मी त्या कोणात मोडते की नाही हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

पाचव्या-सहाव्या दिवशी मी त्याहून वाईट केलं. त्याला दोन्ही हातांत धरून उताणं केलं. तो एकदम शांत झाला. पाय वर, डोळे उघडे, हूं नाही की चूं नाही. मी पत्रकवाल्या एका मैत्रिणीकडून व्हिडिओ काढून घेतला आणि टाकला, 'बघा, विश्वास असा कमवायचा'. लोकांनी बदाम पाठवले. दोन दिवसांनी एका अनोळखी बाईने खाली लिहिलं की ससा उताणा केला की मेल्याचं सोंग घेतो, कारण कोल्ह्याच्या तोंडातून सुटायची ती त्याची शेवटची युक्ती असते, त्या वेळी त्याच्या काळजाचे ठोके मोजून बघा. मी तिला चार तिखट ओळी लिहिल्या. मग गुपचूप मेल्याच्या छातीला बोट लावून पाहिलं, आधी सरळ असताना, मग उताणं करून. व्हिडिओ काढून टाकला. तिची माफी मागितली नाही, ती आज मागते.

त्यानंतर मी काहीच करायचं नाही असं ठरवलं. पत्रकं काढणाऱ्या माणसाला ह्याहून कठीण काम नाही. क्रेट आडवा केला, तोंड उघडं ठेवलं आणि पडवीच्या जमिनीवर त्याच्याकडे पाठ करून बसले. रोज दुपारी तासभर. सरळ त्याच्याकडे बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही, जास्वंदीची पानं आणि हरळी बाजूला पडलेली. बाबा पलीकडे जाळं विणत बसलेले. आम्ही तिघंही एकमेकांशी बोलत नव्हतो.

एका दुपारी पाठीला काहीतरी ओलं लागलं. त्याचं नाक. त्याने मला ढोसलं, आपण बसमध्ये 'सरका जरा' म्हणून ढोसतो तसं. मी सरकले. तो माझ्या जागेवर बसला. चार दिवसांनी तो माझ्या पायावर हनुवटी घासू लागला, जसा तो क्रेटवर, उंबऱ्यावर, बाबांच्या चपलेवर घासायचा. माझ्यावर त्याने स्वतःच्या मालकीचा वास लावला होता. कपाळावर दोन डोळ्यांच्या मधे बोट फिरवलं की तो दात एकमेकांवर हलके चोळायचा, आणि ती थरथर बोटाला लागायची. एकदा तर माझ्याशेजारी बसल्याबसल्या तो धाडकन कुशीवर कोसळला. डोळे अर्धे पांढरे, पाय ताणलेले. आई नुकतीच बाजारातून आली होती. तिने पाटी डोक्यावरून उतरवली, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, गेला बिचारा, केळीखाली पुरूया. बाबांनी जाळ्याच्या सुईने त्याला टोचलं. तो उठला, बाबांकडे पाठ केली, मागचे पाय त्यांच्या दिशेने झटकले आणि क्रेटमध्ये जाऊन बसला. आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. निर्धास्त झालेला ससा असा कोसळतो. आमच्या पडवीत तो निर्धास्त झाला होता.

इथे मी थांबायला हवं होतं.

पण माझं दुसरं पत्रक तयार होतं. 'ससा एकटा ठेवणं हीसुद्धा हिंसा आहे.' हे बरोबर आहे, आजही मी ते मानते. ससे कळपाने राहतात. पण मला माझं पत्रक माझ्याच घरात खरं करून दाखवायचं होतं, लवकर. मी ससेवाल्याकडे गेले. त्याने मला ओळखलं, पोटरी चोळून दाखवली आणि तरीही ससा दिला. तपकिरी, लहानसा, वर्षाच्या आतला. मादी आहे, असं शपथेवर सांगितलं. मी शपथेवर विश्वास ठेवला. शेपटीखाली बघायचं असतं हे पत्रकात सहावा मुद्दा म्हणून मीच छापलं होतं.

दोघांना एकदम एकत्र सोडायचं नसतं, मधे आडोसा लागतो, एकमेकांचा वास येईल असा. हे मी बाबांना सांगितलं. आता दुसऱ्या कुठल्या घरी लोक बाजारातून तारेची जाळी आणतील. आमच्या घरी नाही. आमच्याकडे नारळ बांधायचे तर जाळं, वाळत्या मासळीवरचे कावळे राखायचे तर जाळं, वेल चढवायचा तर जाळं. बाबांनी सुरमईच्या जुन्या जाळ्याचा तुकडा घेतला, पडवीच्या दोन खांबांना वरखाली दोर ताणून त्यावर तो बसवला, गाठी अशा मारल्या की मांजर चढलं तरी हलणार नाही. दोन तास लागले. मग लांब उभं राहून त्यांनी बघितलं. मीही बघितलं. छान दिसत होतं. त्या जाळ्याचं एकेक भोक, ज्याला आम्ही आस म्हणतो, ते कशासाठी त्या मापाचं असतं हे आम्हा दोघांना जन्मापासून ठाऊक होतं. माशाचं डोकं आत जावं आणि धड अडकावं म्हणून. घरातल्या एकाही माणसाच्या डोक्यात ते आलं नाही. ते जाळं तेव्हा आमच्यासाठी भिंत होतं.

दोन दिवस मेला जाळ्यापाशी बसून राहिला, कान पाठीला चिकटवून. मी त्याला उत्सुकता समजले. कान असे मागे सपाट म्हणजे काय ते मला आता झोपेतही सांगता येईल.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात होते. आधी धपधप ऐकू आली. मग किंकाळी. ससा आयुष्यभर किंचाळत नाही आणि एकदाच किंचाळतो, आणि तो आवाज लहान मुलाचा असतो. मी धावले. तपकिरीचं डोकं एका आसातून पलीकडे गेलेलं, खांदे अडकलेले, आणि पलीकडे मेला त्याच्या तोंडावर. चावत नव्हता, फाडत होता. एक कान मधून चिरलेला. नाकावरची कातडी लोंबत होती. मेल्याची पांढरी छाती लाल. तो दातांनी धरायचा, मागच्या पायांनी ओरबाडायचा, सुटायचा, पुन्हा धरायचा.

मी कोपऱ्यातला खराटा उचलला आणि मेल्याला मारलं. पाठीत. एकदा मारल्यावर तो बाजूला झाला होता. मी अजून तीनदा मारलं. तो भिंतीला चिकटून दबला होता तेव्हाचे ते तीन.

मग मी तपकिरीला ओढायला लागले. बाबा अंगणातून ओरडले, "ओढू नको. काप. डोळे झाक त्याचे आणि काप." त्यांची सुरी कमरेलाच होती, ते धावत होते, दहा पावलं. मला दहा पावलं धीर धरवला नाही. मी पुढून धरून ओढलं आणि त्याने मोकळ्या मागच्या पायांनी सगळा जीव एकवटून लाथ मारली. हवेत. काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. सशाची हाडं नाजूक असतात आणि लाथ फार जबर असते. मागचा भाग आधाराविना ठेवून त्याला जखडलं तर तो स्वतःच्या लाथेने स्वतःचा कणा मोडतो. माझ्या पहिल्या पत्रकातला हा तिसरा मुद्दा.

बाबांनी जाळं कापून त्याला मोकळं केलं. मागचे पाय दोरीसारखे लोंबत होते. तेव्हाच दिसलं की तो नर होता. मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते मालगुंडच्या बाजूला गाई तपासायला गेले होते, यायला संध्याकाळ होणार होती. त्यांनी विचारलं, पायाला चिमटा काढल्यावर ओढून घेतो का? मी काढला. नाही. ते म्हणाले, आल्यावर शेवटचं इंजेक्शन देतो, तोवर उन्हात ठेवू नका. तपकिरी पुढच्या दोन पायांनी जमीन ओढत होता, कुठेतरी जायला बघत होता.

बाबांनी फोनवरचं ऐकलं. त्यांनी त्याला पंच्यात गुंडाळलं, डोळ्यांवर तळहात ठेवला आणि दोन्ही हातांनी त्याची मान मोडली. एका झटक्यात.

मी बाबांना मारलं. मुठींनी, छातीवर, खांद्यावर. खुनी म्हटलं, आणखी बरंच म्हटलं. अहिंसेवर मी चार पत्रकं लिहिली आहेत. ते हलले नाहीत, हात वर केला नाही. मी दमले तेव्हा म्हणाले, "झालं? आता हात धू."

मग मी म्हटलं की मेल्याला पण न्या. द्या काकीच्या दिराला. मला तो समोर नको. मी हे ओरडून नाही, अगदी थंडपणे म्हटलं. बाबा जाळ्याचा रक्ताळलेला तुकडा गुंडाळत होते.

"माणसाला चावला तर, असं बोललो होतो मी. तो माणसाला चावला नाय. त्याच्या घरात दुसरा नर आला, तो भांडला. त्याला मारलंस तू. आता तूच सांभाळ."

मेला पडवीतल्या बाकड्याखाली शिरला होता. संध्याकाळी डॉक्टर आले, त्यांनी त्याची जखम पुसली, पाठ दाबून पाहिली, हाड शाबूत असल्याचं सांगितलं. निघताना मला बजावलं, ह्याला खायला लावा, ससा दिवसभर उपाशी राहिला तर आतडं थांबतं आणि मग माझ्या हातात काही नाही. मी हरळी ठेवली. तो धप करून पाय आपटायचा. मी जास्वंदीची पानं ठेवली. धप. मी पडवीत पाऊल टाकलं की धप, नुसती दारात उभी राहिले तरी धप. मी शिकारी होते आणि तो रिकाम्या पडवीला माझी खबर देत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या पाण्याची पातळी तेवढीच, लेंड्या नाहीत. आईने गाजर टाकून पाहिलं, तिच्या हाताला सुक्या बोंबलाचा वास, त्याने तोंड वळवलं. बाबा नेहमीसारखे जाळं घेऊन बसले. जाळं विणताना त्याचं टोक पायाच्या अंगठ्यात धरून ताणतात. त्यांनी एका अंगठ्यात जाळं धरलं, दुसऱ्यात जास्वंदीचं पान, आणि काम चालू केलं, खाली न बघता. तासाभराने बाकड्याखालून नाक आलं. पान अंगठ्यातून ओढलं गेलं. बाबांनी दुसरं लावलं. त्याने अकरा पानं खाल्ली आणि मी दाराआड उभी राहून ती मोजली. मला आनंद व्हायला हवा होता. मला बाबांचा हेवा वाटला.

तो बाबांचा झाला. त्यांच्या जाळ्याच्या ढिगाशेजारी पडून राहायचा. मी आले की उठून जायचा. मी पुन्हा पाठ करून बसायला लागले, रोज. तो माझ्यापासून सगळ्यांत लांबचा कोपरा निवडायचा. हनुवटी त्याने परत सगळीकडे घासली, उंबऱ्यावर, क्रेटवर, बाबांच्या चपलेवर. ससा विसरत नाही. निदान माझा नाही विसरला, आणि का विसरावं?

मग बंदी उठली. बोटी पाण्यात गेल्या, बाबा आठ दिवसांसाठी निघाले. जाताना मला म्हणाले की तो पायातलं खातो, हातातलं नाही, लक्षात ठेव. आई पहाटेच बाजारात. घरात मी आणि तो.

पहिल्या दिवशी त्याने काही खाल्लं नाही. दुपारपर्यंत नाही, चार वाजेपर्यंत नाही. मी बाबांसारखं पान अंगठ्यात धरून बसले. त्याने पाहिलं आणि पाय आपटला. तो अंगठा कोणाचा आहे हे त्याला चांगलं कळत होतं. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, आज रात्रीपर्यंत वाट बघू, मग पिचकारीने भरवावं लागेल, धरून. 

मी पडवीतली सगळी पानं उचलली. अंगणातून नवी आणली, हरळी, जास्वंद, थोडी कोथिंबीर. त्याच्या बाजूला नाही, पडवीच्या बरोबर मध्ये ठेवली, आणि मी भिंतीला टेकून बसले, दिसेन अशी. लपायचं नाही असं ठरवलं. पाठही केली नाही. त्याने मला पूर्ण बघावं आणि मग काय ते ठरवावं.

तो धपकन पाय आपटून मोकळा झाला. मग परत. मग पाचेक मिनिटांनी तिसऱ्यांदा, जरा हळू. ऊन अंगणातून उतरत गेलं. तो बाकड्याखालून बाहेर आला, मान लांब करून, मागचे पाय मागेच ठेवून, म्हणजे कधीही पळता यावं असा. कोथिंबिरीची एक काडी उचलली. माझ्याकडे पाहत पाहत ती अख्खी तोंडात गेली, खालून वर. मग दुसरी. मग त्याने माझ्याकडे पाठ केली, मागचे पाय माझ्या दिशेने झटकले आणि हरळीत तोंड घातलं.

पाठीवर, खराटा लागला तिथे, केस अजून विरळ होते. ती जागा माझ्यापासून हातभर होती. हात लावावासा वाटला. मी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिले, त्याचं खाऊन होईपर्यंत.